ऑपरेशनशिवाय गुडघा नवा? 'स्वतःच्या रक्ताचं' पीआरपी इंजेक्शन घेण्याआधी एवढं वाचा

मुकुंदवाडीतलं एखादं घर डोळ्यासमोर आणा. आई चिकलठाणा एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगला आहे. आठ तास उभं राहून काम. नळाला पाणी आलं की हंडे, कळश्या, ड्रम भरायचे आणि दोन जिने चढून वर न्यायचे. वर्षभरापासून तिचा उजवा गुडघा दुखतोय. जिना उतरताना हाताने कठडा धरावा लागतो. मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.

एक दिवस मुलाच्या मोबाईलवर रील येतं. 'ऑपरेशन नाही, साइड इफेक्ट नाही. तुमच्याच रक्तातून तुमचा गुडघा नवा करा.' खाली फोन नंबर. फोन लावल्यावर कळतं की इंजेक्शन एक नाही, तीन घ्यावी लागतील. पैसे रोख किंवा हप्त्याने.

हे घर काल्पनिक आहे, पण त्यातली दुखणी आणि ती रील्स खरी आहेत. पाणी वाहण्याचे कष्ट तर मुकुंदवाडीला कोणी सांगायला नकोत. २०१९ च्या दुष्काळात इथली लहान मुलं रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनवर जाऊन पाणी भरून आणतात, ही बातमी जगभर गेली होती. जड ओझं उचलणं, वारंवार उकिडवं बसणं आणि जिने चढ-उतार करणं यांचा गुडघ्याच्या झिजेशी संबंध आहे, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे.

म्हणून प्रश्न साधा आहे. हे पीआरपी नावाचं इंजेक्शन खरंच काम करतं का? आणि त्यासाठी घरातली शिल्लक मोडावी का?

पीआरपी म्हणजे नेमकं काय?

पीआरपी म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. सोप्या मराठीत, जास्त प्लेटलेट्स असलेला रक्तातला पिवळसर द्रव.

प्लेटलेट्स हा शब्द डेंग्यूने घराघरात पोहोचवला आहे. 'प्लेटलेट्स उतरल्या' म्हटलं की धावपळ सुरू होते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. जखम झाली की तिथे गोळा होऊन रक्त थांबवणं हे त्यांचं पहिलं काम. दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. प्लेटलेट्सच्या आत 'ग्रोथ फॅक्टर' म्हणजे वाढीचा निरोप देणारी प्रथिनं साठवलेली असतात. जखमेवर आल्यावर प्लेटलेट्स ती सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना दुरुस्तीला लागण्याचा इशारा मिळतो.

पीआरपीमागचा विचार इथूनच येतो. जखम भरायला प्लेटलेट्स मदत करत असतील, तर त्या जास्त प्रमाणात थेट दुखऱ्या जागी सोडल्या तर?

कृती अशी असते. दंडातून काही नळ्या रक्त काढतात, अगदी रक्त तपासणीला देतो तसंच, फक्त थोडं जास्त. रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. मग ती नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात गरागरा फिरवतात. डेअरीत दुधातून साय वेगळी काढणारं यंत्र पाहिलं असेल, तर तत्त्व तेच आहे. जड लाल पेशी तळाला बसतात, पिवळा प्लाझ्मा वर येतो आणि मधे एक पातळ पांढुरका थर राहतो. त्या थराच्या आसपासचा, प्लेटलेट्सनी भरलेला भाग सिरिंजमध्ये घेतात आणि सांध्यात किंवा दुखऱ्या टेंडनपाशी टोचतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा मजबूत दोर. सगळ्याला साधारण तासभर लागतो. त्याच दिवशी घरी.

ही कल्पना आली कुठून?

पीआरपीला पहिली मोठी ओळख गुडघ्याने दिली नाही, जबड्याने दिली. अमेरिकेतले तोंडाचे सर्जन रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जबड्याच्या हाडाच्या ग्राफ्टमध्ये पीआरपी वापरल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नंतर ते खेळाडूंकडे गेलं. २००९ च्या सुपर बोल सामन्याआधी अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्डने गुडघ्याच्या दुखापतीसाठी पीआरपी घेतलं आणि तो सामना खेळला. पुढच्या वर्षी टेनिसपटू राफेल नदालच्या गुडघ्यांवरच्या याच उपचाराची चर्चा झाली. २०१० मध्ये जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली आणि २०११ मध्ये ती उठवली. कारण यामुळे कामगिरी वाढते असा पुरावा नव्हता.

पण जाहिरातीसाठी एवढं पुरेसं होतं. 'नदालने घेतलेलं इंजेक्शन' ही ओळख पक्की झाली. एक गोष्ट मात्र मागे पडली. विशीतल्या खेळाडूचं दुखावलेलं टेंडन आणि पंचावन्न वर्षांच्या बाईचा झिजलेला गुडघा ही दोन वेगळी दुखणी आहेत.

'गादी' परत भरते का?

रील्समधला सगळ्यात मोठा दावा हाच असतो. त्यामुळे तो आधी तपासू.

आपण ज्याला 'गुडघ्याची गादी' म्हणतो ते म्हणजे मुख्यतः कूर्चा. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जे हाडाला हाडावर घासू देत नाही. त्वचेला जखम झाली की ती भरते, कारण तिथे रक्तवाहिन्या असतात. मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून ती झिजली की स्वतःहून जवळपास भरून येत नाही.

शिवाय गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, फक्त कूर्चेचा आजार नाही. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, हाडाच्या कडा वाढतात, मांडीचे स्नायू कमजोर होतात. वेदना या सगळ्यातून येते. त्यामुळे एखाद्या उपचाराने सूज कमी होऊन बरं वाटू शकतं, पण त्याचा अर्थ गादी भरली असा होत नाही. वेदना कमी होणं आणि कूर्चा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात नेमकी इथेच गल्लत करते.

चाचण्या काय सांगतात?

आधी आपल्या देशातलं उदाहरण. चंदीगडच्या पीजीआय या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांची झीज असलेल्या ७८ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे तीन गट होते. एकाला पीआरपीचं एक इंजेक्शन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. पीआरपी घेतलेल्या दोन्ही गटांना सलाइनपेक्षा चांगला आराम पडला. एक आणि दोन इंजेक्शनांमध्ये फारसा फरक दिसला नाही. आणि सहा महिन्यांपर्यंत येता येता आराम ओसरायला लागला होता.

हा निकाल पीआरपीच्या बाजूचा आहे. पण ७८ रुग्ण आणि सहा महिने म्हणजे अभ्यास छोटा होता.

मोठा आणि लांब अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. त्याचं नाव रिस्टोर. गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेले, पन्नाशी ओलांडलेले २८८ जण. अर्ध्यांना दर आठवड्याला एक अशी पीआरपीची तीन इंजेक्शनं, अर्ध्यांना तशीच सलाइनची तीन. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं. वर्षभराने वेदना मोजली आणि एमआरआय काढून कूर्चाही मोजली. निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला.

दहापैकी गुण देऊन मोजलेली वेदना पीआरपी गटात सरासरी २.१ ने कमी झाली. सलाइन गटात १.८ ने. म्हणजे दोघांनाही बरं वाटलं आणि फरक नगण्य होता. कूर्चा दोन्ही गटांत वर्षभरात थोडी कमीच झाली, पीआरपी गटात १.४ टक्के, सलाइन गटात १.२ टक्के. गादी वाढली तर नाहीच, झीज मंदावलीसुद्धा नाही.

पीआरपीच्या बाजूच्या डॉक्टरांचा यावर आक्षेप आहे, आणि तो फालतू नाही. त्यांच्या मते त्या अभ्यासात प्लेटलेट्सची मात्राच कमी होती. मात्रा वाढवली तर निकाल बदलतील असं ते सांगतात आणि तसे काही अभ्यासही आहेत. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणूनच जाणकार संस्थांची मतंही एकसारखी नाहीत. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी पीआरपी देऊ नये असं ठामपणे सांगितलं. तिथल्याच हाडांच्या सर्जनांच्या अकादमीने २०२१ मध्ये 'वेदना कमी होऊ शकते, पण पुरावा मर्यादित' असं म्हटलं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये मोठा धोका दिसत नसल्याचं नमूद केलं. पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याने रुग्णाला सगळं नीट समजावून, नोंदी ठेवूनच हे द्यावं असं सुचवलं.

'गादी परत येते' असं मात्र या तिघांपैकी कोणीच म्हटलेलं नाही.

कोपर आणि टाचेचं काय?

टेनिस एल्बो हे नाव खेळाचं असलं तरी तो होतो स्क्रू पिळणाऱ्या कामगाराला, पोळ्या लाटणाऱ्या बाईला, रंगाऱ्याला. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं टेंडन दुखतं.

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर पीआरपी आणि स्टेरॉइड इंजेक्शनची तुलना झाली. वर्षभराने पीआरपी गटातल्या ७३ टक्के लोकांची वेदना लक्षणीय कमी झालेली होती, स्टेरॉइड गटात ४९ टक्के. पीआरपी सरळ जिंकलं असं वाटतं. पण यात सलाइनचा गट नव्हता. टेनिस एल्बोमध्ये स्टेरॉइडने सुरुवातीला छान वाटतं आणि पुढे दुखणं उलटतं, हे इतर अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ज्याच्याशी शर्यत लावली तोच लंगडा होता.

पुढे २०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरातले ३२ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की टेनिस एल्बोमध्ये पीआरपी किंवा स्वतःच्या रक्ताच्या इंजेक्शनचा खोट्या इंजेक्शनपेक्षा बहुधा काही खास फायदा नाही. तसाही हा त्रास बहुतेकांचा वर्षभरात आपोआप कमी होतो.

टाचेच्या मागच्या अकिलीस टेंडनचंही असंच. ब्रिटनमध्ये जुनाट दुखणं असलेल्या २४० जणांवर चाचणी झाली. एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला नुसती सुई टोचल्याचा देखावा. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. हा निकालही २०२१ मध्येच जामामध्ये आला.

मग शेजारच्या काकूंना बरं वाटलं ते खोटं?

नाही. त्यांना खरंच बरं वाटलं असेल. फक्त ते कशामुळे, हा प्रश्न आहे.

गुडघेदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस इंजेक्शनसाठी जातो तेव्हा दुखणं बहुतेक वेळा टोकाला असतं. त्यानंतर ते काही प्रमाणात उतरतंच. इंजेक्शननंतर आठ-पंधरा दिवस विश्रांती होते, घरचे हंडे उचलू देत नाहीत, फिजिओथेरपी सुरू होते. आणि मोठी रक्कम भरून, डॉक्टरांनी वेळ देऊन केलेल्या उपचाराचा विश्वासही काम करतो. रिस्टोर चाचणीत मिठाच्या पाण्यानेही वेदना १.८ गुणांनी उतरली, ती अशीच.

पीआरपी सगळीकडे सारखं नसणं ही आणखी एक अडचण. पॅरासिटामॉलच्या पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ती गोळी मुकुंदवाडीत घ्या नाहीतर मुंबईत, सारखीच. पीआरपीवर असं काही लिहिलेलं नसतं. किती रक्त काढलं, यंत्र किती वेगाने फिरवलं, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर ते बदलतं. काकूंना मिळालेलं आणि तुम्हाला मिळणारं पीआरपी एकच असेल याची खात्री नाही.

धोका किती?

रक्त स्वतःचंच असल्याने ॲलर्जीची भीती फार कमी. इंजेक्शननंतर दोन-चार दिवस सांधा सुजणं, जास्त दुखणं हे नेहमीचं. काहींना चक्कर किंवा मळमळ होते. खरा धोका जंतुसंसर्गाचा. तो क्वचित होतो, पण सांध्यात जंतू गेले तर प्रकरण गंभीर होतं. इंजेक्शननंतर ताप आला, सांधा लाल-गरम झाला, पाय टेकवेना, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं.

प्लेटलेट्स कमी असलेले, रक्ताचा आजार किंवा कॅन्सर असलेले, अंगात संसर्ग असलेले यांनी हे टाळायचं असतं. पीआरपीच्या आधी आणि नंतर काही दिवस वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायला सांगतात. पण हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

पैसे भरण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

१. माझं निदान नेमकं काय आहे? सकाळी उठल्यावर तासभर हातांची बोटं आखडत असतील तर तो आमवात असू शकतो. युरिक ॲसिडचा त्रास किंवा चिकुनगुनियानंतरची सांधेदुखीही असू शकते. त्यांचे उपचार वेगळे आहेत.

२. माझी झीज कोणत्या ग्रेडची आहे? चौथ्या ग्रेडला, जिथे हाडाला हाड लागलेलं असतं, पीआरपीकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

३. इंजेक्शन कोण देणार? हाडांचे किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचे पात्र डॉक्टर, की फक्त 'पेन क्लिनिक'ची पाटी?

४. टेंडनपाशी द्यायचं असेल तर सोनोग्राफीत बघून देणार का?

५. एकूण खर्च किती? खासगीत एका इंजेक्शनचा दर साधारण पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असतो. तीनचं पॅकेज असेल, तर पहिल्याने फरक पडला नाही तर उरलेले पैसे परत मिळतील का? मेडिक्लेममध्ये बसतं का? उत्तरं लेखी घ्या.

६. याने गादी वाढेल का? 'हो, नक्की' असं उत्तर आलं, तर तिथून उठायला हरकत नाही.

त्याआधी काय करता येतं?

गुडघ्याच्या झिजेत ज्याबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद नाही अशा दोन गोष्टी आहेत. व्यायाम आणि वजन. एका अभ्यासानुसार वजन जितकं कमी होतं, त्याच्या सुमारे चौपट भार प्रत्येक पावलाला गुडघ्यावरून उतरतो. पाच किलो कमी झाले तर पावलागणिक वीस किलोंचा फरक. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली. रोज दोन्ही पायांनी, हळूहळू वाढवत. पहिल्यांदा एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलं तर उत्तम. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

अडचण आहे ती वेगळीच. आठ तास उभं राहून घरी आल्यावर, पाणी भरून, स्वयंपाक उरकून व्यायाम कधी करायचा? 'ओझं उचलू नका' हा सल्ला चिठ्ठीवर लिहायला सोपा आहे, ज्या घरात पाणी वर चढवायला मोटर नाही तिथे पाळायला नाही. म्हणून हा सल्ला फक्त रुग्णाला नको, घराला हवा. हंडे दुसऱ्या कोणीतरी उचलायचे. मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळश्या. कामावर मधेमधे बसायला स्टूल.

आणि पहिला सल्ला खासगी पॅकेजवाल्याचाच घ्यायचा असंही नाही. शहरातल्या घाटी रुग्णालयात हाडांच्या विभागाची ओपीडी आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापलं जातं त्यांनी आधी ईएसआयसीच्या दवाखान्यात दाखवावं, त्याचे पैसे तुम्ही दर महिन्याला भरताच आहात. झीज खूप पुढे गेली असेल आणि सर्जनने गुडघा बदलण्याचं सुचवलं असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकारची सरासरी छापील किंमत १ लाख ५८ हजारांच्या घरात होती. जीएसटी वगळून ती ५४,७२० रुपयांवर आणली गेली. त्यामुळे ऑपरेशनच्या खर्चाचा जुना आकडा धरून, केवळ भीतीपोटी पीआरपीची तीन-तीन पॅकेजेस घेत राहणं शहाणपणाचं नाही.

थोडक्यात

पीआरपी ही फसवणूक नाही आणि जादूही नाही. सौम्य ते मध्यम झिजेत, व्यायाम-वजन-औषधं करून झाल्यावर, हाताशी पैसे असतील आणि डॉक्टर मर्यादा सांगून देत असतील, तर काही महिन्यांच्या आरामाची शक्यता म्हणून ते घेता येईल. कर्ज काढून, दागिना मोडून, 'गुडघा नवा होईल' या आशेवर घेण्याइतका पुरावा आज त्याच्यामागे नाही.

घरात आईचा किंवा वडिलांचा गुडघा दुखत असेल आणि फोनवर ते रील आलं असेल, तर नंबर फिरवण्याआधी सहा प्रश्नांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि आज संध्याकाळी नळ आला, तर हंडा तुम्ही उचला.